आक्काचं पत्र्याचं घर

बोलण्यात मला कुणी हरवलेलं नाही. किल्लारीजवळच्या आमच्या पुनर्वसित गावात पिराजीकाकाशी वाद घालायचा तर घरून भाकरी बांधून यावं, असं लोक म्हणतात. तीस वर्षं साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. निवृत्त झालो आणि तोंडाला पूर्ण वेळ काम मिळालं.

एप्रिलच्या ग्रामसभेत गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई बबिता उठली. पोरगी तशी भित्री, पण त्या दिवशी कागद न बघता बोलली.

"शास्त्रज्ञ सांगतेत, हवामान बदलून राहिलंय. ऊन आता पहिल्यावानी न्हाई. भूकंपापासून बारा म्हातारी माणसं अजून पत्र्याच्या शेडात राहतेत. दुपारी समाजमंदिर उघडं ठेवा. दोन कूलर, एक माठ. बास."

त्या बारांत माझी थोरली बहीण मंजुळाबाई होती, माझी आक्का. त्र्याण्णवच्या भूकंपात दगडी भिंतीखाली तिचा नवरा आणि दोन्ही लेकरं गेली. सरकारनं सिमेंटचं घर दिलं, त्यात तिनं सरपण आणि ज्वारी भरली. स्वतः शेजारी पत्रे ठोकून राहिली. "पत्रा पडला तर खोक पडंल, जीव न्हाई जायचा," म्हणायची.

मला उठायची काही गरज नव्हती. पण समोर माणसं दिसली की माझी जीभ वळवळते.

"बबिता, त्र्याण्णवला हे शास्त्रज्ञ कुठं झोपले होते? रातीतून गाव गेलं, एकानंबी सांगितलं न्हाई. आन् आता पन्नास वर्षांनंतरचं ऊन मोजून राहिले! मराठवाड्यात जलमलो आपण, काश्मिरात न्हाई."

सभा खो खो हसली. सरपंच गुंडप्पानं तर डोळे पुसले. विषय बारगळला, बबिता खाली बसली आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

सभा सुटल्यावर ती माझ्या मागं आली. "काका, सभेचं ऱ्हाऊ द्या. आक्का फक्त तुमचं ऐकतेत. दुपारी त्यांना निदान दारातल्या लिंबाच्या सावलीत तरी बसवा."

"बघू," म्हणालो.

मे महिन्यात पत्र्याला हात लावता येईना. एका दुपारी आक्काकडं गेलो तर ती सुकलेल्या ओठांनी खांबाला टेकून बसली होती. आत पाच मिनिटांत माझाच जीव घाबरा झाला.

"आक्का, चल, लिंबाखाली बसू."

ती हसली. "तूबी आता त्या पोरीवानी बोलून राहिलास का? ऊन काय नवं न्हाई म्हणून सभेत तूच सांगितलंस ना? लई हसली म्हणे माणसं."

तिला माझं कौतुक वाटत होतं. आक्का, मी चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. ती उठून आली असती. पण जन्मात कधी न वापरलेले शब्द ऐन वेळी कुठून आणायचे? पाण्याचा तांब्या तिच्याजवळ सरकवला आणि घरी आलो.

चौथ्या दिवशी भर दुपारी शेजारणीनं आरडाओरडा केला. आक्काचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. गेलेल्या लेकरांना ती जेवायला हाका मारत होती. जीपमध्ये घातलं, पण दवाखान्याच्या अलीकडंच तिनं प्राण सोडला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. ओसरीवर निम्मं गाव बसलेलं. बबिता मृत्यूची नोंद घ्यायला आली. नाव लिहिलं, वय लिहिलं, मग पेन थांबवून माझ्याकडं बघितलं.

"काका, कारण काय लिहू? उन्हानं गेल्या म्हणून घरच्यांनी सांगितलं तर मी वर कळवते. मग समाजमंदिर उघडावंच लागंल. अजून अकरा माणसं हायेत."

"वय झालं होतं हो," गुंडप्पा म्हणाला. "बहात्तर म्हंजे काय कमी हाय?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. आक्का कशानं गेली ते मला ठाऊक होतं. कुणामुळं गेली तेही ठाऊक होतं.

"म्हातारपणानं," मी म्हणालो. आवाज जरासुद्धा कापला नाही.

बबितानं तसं लिहिलं आणि माझी सही घेतली. मग डोक्यावर पदर ओढून ती उन्हात उतरली, उरलेल्या अकरांतल्या मल्लम्माच्या शेडात पाणी आहे का बघायला.