रजेवरच्या माणसाची परवानगी

डोळ्यांच्या दवाखान्यातले अठ्ठेचाळीस कॉम्प्युटर आपल्या एका इशाऱ्यावर हलतात, याचा नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईंना फार अभिमान होता. आपल्या खोलीत बसून त्या चारही मजल्यांवरचे कॉम्प्युटर चालू-बंद करत, अडकलेली छपाई मोकळी करत. त्यासाठी त्यांनी अकरा टूल्स, म्हणजे छोटे छोटे प्रोग्राम, बनवली होती. ती कशी वापरायची, हे मात्र फक्त त्यांच्या डोक्यात.

धाकट्या बहिणीला बाळ झालं आणि ताईंनी आठवड्याची रजा मागितली. मॅनेजर म्हणाले, "खुशाल जा. पण आधी प्रत्येक टूलची व्याख्या लिहून ठेवा. काय करतं, कुठल्या कॉम्प्युटरवर चालतं, कोणी वापरायचं." आणि वापरायला माणूस दिला तो कोण, तर नोंदणीच्या खिडकीवरचे काका! आपला माऊस ते संध्याकाळी हातरुमालाखाली झाकून घरी जात.

ताईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला, पण लिहिलं. काका वाचायला बसले.

"'रीस्टार्ट : गरज असेल ते कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करणे.' गरज कोण ठरवणार?"

"मी."

"तुम्ही तर बाळाचे लंगोट बदलत असाल. आणि 'तळमजला' या गटात औषधांची खिडकी धरायची का?"

"ती धरलेलीच असते, काका."

"तुम्ही धरलेली असते. कागदाने नाही धरलेली."

चार दिवस हा छळ चालला. शेवटी गट ठरले, वेळा ठरल्या, आणि रीस्टार्टखाली काकांच्या आग्रहाने एक ओळ आली : पेशंट बसलेले असताना आधी खिडकीवर विचारावे.

बहिणीच्या घरी ताई फोन उशाशी घेऊन झोपल्या, न्हाणीघरातही घेऊन गेल्या. पहिल्या दिवशी एकही फोन नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांनी बहिणीकडून स्वतःला फोन लावून पाहिला. खणखणीत वाजला.

"म्हणजे तुझ्यावाचून अडत नाहीये," बहीण म्हणाली.

हे जिव्हारी लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला ताईंनी लॅपटॉप उघडला. तळमजल्यावरचा एक कॉम्प्युटर जरा सुस्त वाटला. हात शिवशिवले. त्यांनी 'तळमजला' निवडला आणि रीस्टार्ट दाबलं.

पाच मिनिटांत फोन आला!

"ताई," काकांचा आवाज मधासारखा गोड, "पेशंट बसलेले असताना आधी कुठे विचारायचं असतं?"

"किती जण होते?"

"तेहतीस. टोकनं हाताने लिहून वाटली. एक आजोबा विचारतात, डोळ्यांत औषध घातलंय म्हणून मलाच अंधार दिसतोय, की सगळ्यांना?"

"पण तो एक फार हळू चालत होता हो..."

"डॉक्टरांनी त्यावर डोळ्याचा भला मोठा फोटो उघडायला घेतला होता. उघडत होता बिचारा. ठेवू? बाळाला घ्या आता."

ताईंनी लॅपटॉपवरून पुन्हा नेटवर्कमध्ये शिरायचा प्रयत्न केला. पडद्यावर उत्तर आलं : परवानगी नाही. मॅनेजरांची संमती घेऊन काकांनी ताईंनाच बाहेर काढलं होतं! पंधरा मिनिटं त्या धुसफुसल्या, मग त्यांना हसू फुटलं. बहिणीने ती संधी साधली, बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः दोन तास गाढ झोपली.

आठवड्याने ताई कामावर आल्या. यादीत बारावं टूल दिसलं.

नाव : ताईंना फोन. कुठे चालते : बहिणीच्या घरी. कोणी वापरायचे : कोणीही नाही. त्याखाली, तिसऱ्या दिवशी वाढवलेली ओळ : अपवाद, ताईंनी स्वतः घोळ घातल्यास.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग त्या खाली खिडकीपाशी गेल्या.

"तुमची व्याख्या अपुरी आहे, काका. बाळाचा फोटो बघायचा असेल तर काय करायचं, ते लिहिलंच नाहीये."

काकांनी माऊस बाजूला सारला. "आणा इकडे," ते म्हणाले.