माझे गुडघे आणि गाडीचा ब्रेक

आमचे चिरंजीव दवाखान्यांना यंत्रं विकतात. रक्तदाब मोजायची, हाडांचे फोटो काढायची, असली. विकता विकता ते अर्धे डॉक्टर झाले आहेत आणि उरलेली अर्धी डॉक्टरकी घरी माझ्यावर शिकतात.

गाडी अठरा वर्षांची आहे, माझी आहे आणि ती मीच चालवत आले आहे. हल्ली तिला एकच काम. एक दिवसाआड टेकडीवरच्या वृद्धाश्रमात जायचं, ताईला भरवायचं, परत यायचं. ताई माझी थोरली बहीण. तिची आठवण झिजत चालली आहे. मुलं, नातवंडं, गेलेला नवरा, सगळे पुसले गेले. राहिले मी एकटी. तिथल्या बायका चांगल्या आहेत, पण त्यांनी चमचा पुढे केला की ताई दात घट्ट मिटून घेते. मी ‘आ कर’ म्हटलं की करते.

मध्यंतरी ब्रेक जड झाला. पाय ठेवला की पेडल दगडासारखं. सगळं अंग टाकावं तेव्हा कुठे गाडी थांबायला राजी व्हायची. जेवताना मी हे बोलून गेले.

“आई, गुडघे,” चिरंजीव घास चावत म्हणाले. “मांडीचे स्नायू गेलेत तुझे.”

“अरे, पेडल खाली जात नाही.”

“तेच म्हणतोय मी. ताकद राहिली नाही.”

दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना बांधायचे पट्टे घरात आले. मग मी म्हटलं, ब्रेक दाबला की पायाशी फुस्स आवाज येतो. त्यावर माझे कान तपासायचं ठरलं; या वयात कानात असे आवाज येतात म्हणे. सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरते, स्टिअरिंग हातात नाचतं, असं सांगितलं तेव्हा तर चिरंजीवांनी चमचा खाली ठेवला, माझे दोन्ही हात टेबलावर पसरायला लावले आणि बायकोला विचारलं, “बघ, कंप आहे ना?” सूनबाईंना दिसला. नवऱ्याला दिसतं ते त्यांना नेहमीच दिसतं. अठरा वर्षांच्या त्या गाडीत या दोघांच्या मते एकच भाग जुना झाला होता, तो म्हणजे मी.

त्यांनी गाडी तपासलीच नाही असं मात्र नाही हं. नव्वद किलोचे आमचे चिरंजीव आत बसले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले, ब्रेकवर जवळजवळ उभेच राहिले आणि परत येऊन म्हणाले, “एकदम मस्त लागतोय.” बैल बसवला असता तरी लागला असता. गॅरेजला दाखवू या म्हटलं तर म्हणे, जुनी गाडी बघून तो उगाच गंडवेल.

मग एका सकाळी गाडी फाटकाशी थांबायची ती फाटक ढकलून थांबली. फाटकाला पोचा आला, बाकी कुणाला खरचटलंही नाही. पण चिरंजीवांना हवा तो पुरावा मिळाला आणि किल्ली त्यांच्या खिशात गेली. “तुझ्या काळजीपोटी,” म्हणाले. ताईकडे दर रविवारी आपण स्वतः नेऊ, असंही म्हणाले.

पहिल्या रविवारी त्यांच्या यंत्रांचं प्रदर्शन होतं. पुढच्या रविवारी सूनबाईंच्या मैत्रिणीचं नवं घर बघायचं होतं. त्यापुढच्या रविवारी नुसताच कंटाळा आला होता. भाड्याच्या गाड्या टेकडी चढायला तयार नसतात, वरून परतीचं गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून. असा महिना गेला. मग वृद्धाश्रमातून फोन आला. ताई दोन घासांवर आली आहे, तुम्ही कधी येताय?

माझं डोकं फिरलं. चिरंजीवांना पेपरावरून उठवलं आणि म्हटलं, “किल्ली घे. खाली चल. गाडीत बस.”

गॅरेजमध्ये गाडी देऊन मासिक चाळत बसणाऱ्यांतली मी नाही. बॉनेटमध्ये डोकं घालून मी बघते, विचारते, आणि सांगितलेलं लक्षात ठेवते.

“इंजिन बंदच ठेव,” मी म्हटलं. “पेडल पाच-सहा वेळा दाब. झालं कडक? आता पाय तसाच ठेवून गाडी चालू कर. चालू होताच पेडल आपोआप जरासं खाली खचायला हवं. खचलं?”

“नाही.”

“मग तुझेही गुडघे गेले.”

बॉनेट मीच उघडलं. ब्रेकच्या मागे एक काळा गोल डबा असतो आणि इंजिनापासून त्या डब्यापर्यंत एक जाड रबरी नळी जाते. इंजिन नळीतून हवा ओढतं आणि त्या ओढीवर डबा आपल्या पायाला हात देतो. नळी फाटली की ही मदत संपली, मग थांबवा गाडी आपापल्या वजनावर. वळणाशी नखाएवढी चीर होती आणि तिच्यातून तो माझ्या कानातला आवाज येत होता. मी तिच्यावर अंगठा दाबून धरला. फुस्स थांबलं. इंजिनाची थरथर निवली.

“आता दाब.”

“गेलं खाली,” आतून आवाज आला, बराच बारीक.

माझे कान, हात आणि गुडघे एका अंगठ्याने बरे झाले. एवढं चिरंजीवांच्या एकाही यंत्राला जमलं नव्हतं.

गॅरेजवाल्याने बघता बघता नवी नळी बसवली. किल्ली परत मिळाली, आणि ती देतानाही “तरी हळू चालव” हे सांगितल्यावाचून चिरंजीवांना राहवलं नाही. मी त्यांना शेजारी बसवलं आणि थेट टेकडी गाठली. वाटेतल्या प्रत्येक वळणावर ते आपला उजवा पाय पायपुसण्यात रुतवत होते. मला हसू येत होतं.

ताई खिडकीशी खुर्चीत बसली होती. गालांची पार खोबणी झाली होती. मी घरून आणलेला डबा उघडला, उकडलेल्या सफरचंदाचा गर चमच्यात घेतला आणि म्हटलं, “ताई, आ कर.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पदर सावरून, परक्या माणसाशी बोलतात तशा सुरात विचारलं, “आपण कोणाकडे आलात?”

चमचा माझ्या हातात तसाच राहिला.

मुलगा मागे उभा होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “वय झालं की होतं असं, आई,” तो म्हणाला.

“वय?” मी वळले. “महिनाभर किल्ली तुझ्या खिशात होती.”

त्याने हात काढून घेतला. मी खुर्ची पुढे ओढली, ताईच्या समोर बसले आणि तिला अगदी पहिल्यापासून सांगायला लागले, की मी तुझी धाकटी बहीण.