खाटकिणीची पिशवी

खाटकीण तोंडाची फटकळ होती, हाताची त्याहून. नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं तिनं दुकान एकटीनं चालवलं, आणि एका घावात हाड तोडण्यात तिचा हात धरणारं बाजारात कुणी नव्हतं. रोज सकाळी पहिला घाव घालण्याआधी ती लाकडी ओंडक्यावर दोन्ही हात ठेवायची आणि म्हणायची, "प्रभू येशू, हे हात तुझे. सांगशील तसे चालतील." मग लगेच कामाला लागायची. तो काय सांगतोय ते ऐकायला तिला सवड होती कुठं!

त्या दिवशी अकराच्या सुमारास लेकीचा फोन आला. "आई, हा आज कामावर गेलाच नाही. दार लावून घेतलंय. आई, हा मला..." पुढं काहीतरी फुटल्याचा आवाज, आणि फोन बंद.

जावयानं आजवर लेकीचा एक दात पाडला होता, दोन बरगड्या मोडल्या होत्या. लेकीनं तर त्याच्या भीतीनं घरातल्या सगळ्या सुऱ्या शेजारणीकडं नेऊन ठेवल्या होत्या. खाटकिणीनं मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं: पुढच्या वेळी मानेवर, डाव्या बाजूला, एकच घाव. मग तुरुंग तर तुरुंग!

"पोलिसांना फोन लाव, पोरीच्या घरी पाठव!" असं शेजारच्या शिंपिणीला ओरडून सांगत तिनं सत्तूर खांद्यावरच्या पिशवीत कोंबला. जाता-येता तो त्या पिशवीत असायचाच. सगळ्या गल्लीला ते ठाऊक होतं, जावयालाही.

निघताना सवयीनं तिचे हात ओंडक्यावर गेले. "प्रभू, हे हात तुझे..." आणि जीभ तिथंच अडकली.

सत्तूर ठेव.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तरी तिला ते अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ती देवावरच खेकसली. "तिकडं माझी पोर मरतेय, आणि मी काय हात हलवत जाऊ?"

सत्तूर ठेव.

दातओठ खात तिनं सत्तूर काढला आणि ओंडक्यात रोवला. "पोरीला काही झालं ना, तर आयुष्यात तुझं तोंड बघणार नाही!" असं म्हणून ती पळत सुटली. तीन गल्ल्या ओलांडेपर्यंत ती देवाला शिव्याच घालत होती.

तिसऱ्या धडकेला कडी तुटली. जावई लेकीच्या छातीवर बसून तिचा गळा आवळत होता. लेकीचं तोंड रक्तानं माखलं होतं, ओठ निळे पडले होते. खाटकिणीनं त्याला केसांना धरून मागं ओढलं आणि त्याच्या मनगटाचा असा कडकडून चावा घेतला की तिच्या तोंडात रक्त आलं. तो उलटला. त्याच्या पहिल्याच ठोशानं तिचं नाक मोडलं, पुढच्या लाथेनं ती भिंतीवर आपटली. ती तशीच सरपटत गेली आणि लेकीच्या अंगावर पालथी पडली. मग लाथा तिच्या पाठीत बसू लागल्या, एकीमागून एक.

"थेरडे, थांब! तुझ्याच सत्तुरानं दोघींना कापतो!"

त्यानं पिशवीला असा हिसडा दिला की बंद तुटला. त्यानं आत हात घातला. एक मळका फडका निघाला. पुन्हा घातला, तर किल्ल्यांचा जुडगा. त्यानं पिशवी उलटी करून झटकली आणि कंगवा जमिनीवर पडला.

"सत्तूर कुठंय? कुठंय सत्तूर?" तो वेड्यासारखा फडक्याखाली शोधत राहिला. तो शोधत असतानाच दारातून पोलीस आणि शेजारी आत घुसले. चौघांनी मिळून त्याला खाली पाडलं. तेव्हाही तो पिशवी सोडत नव्हता.

लेकीला श्वास आला. घसा पार बसला होता. "आई, आज सत्तूर कसा गं नाही आणलास?"

"नको म्हणाला."

"कोण?"

घाव कुणाच्या मानेवर घालायचा ते खाटकिणीनं कधीच ठरवून टाकलं होतं. पण आज मनासारखं झालं असतं तर तो घाव कुणाच्या मानेवर बसला असता, ते तिला आता कळत होतं. तिला रडू फुटलं. तिनं रक्तानं भरलेले दोन्ही हात लेकीच्या छातीवर ठेवले. छाती वरखाली होत होती.

"प्रभू, हे हात तुझे," ती म्हणाली. "शिव्या दिल्या त्या मनावर घेऊ नकोस." आणि तो काय सांगतोय ते ऐकायला ती पहिल्यांदाच थांबली.