पुसलेल्या ओळी

तिने एंटरची कळ इतक्या जोरात दाबली की समोरच्या टेबलावरच्या दादाने, तिच्या सहकाऱ्याने, मान वर केली. पडद्यावर ओळी सरसर वर गेल्या आणि थांबल्या. बाहेरचं कोठार अजून तिथंच होतं.

त्यांची कंपनी ज्या हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळायची, त्या सर्व्हरनी सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं हे ठरवणं तिचं काम. त्यासाठी तिने ऑफिसातच एक रिपॉझिटरी उभी केली होती. रिपॉझिटरीला ती आपलं कोठार म्हणायची. सॉफ्टवेअरचं प्रत्येक पॅकेज आधी स्वतः तपासायचं, मगच कोठारात ठेवायचं, आणि कुठल्या सर्व्हरवर काय असावं ते एका फाइलमध्ये लिहायचं. एक टूल ती फाइल वाचून सगळे सर्व्हर आपोआप तसे करून ठेवायचं. ती बाळंतपणाच्या रजेवर असताना दादाने त्या फाइलमध्ये एका बाहेरच्या, कुणीच न तपासलेल्या कोठाराच्या ओळी घातल्या होत्या. तात्पुरत्या, असं तो म्हणाला होता. ती कामावर परतली तरी त्या तशाच. काल तिने त्या पुसून टाकल्या. आणि आज सकाळी सर्व्हरनी त्याच कोठारातून डेटाबेसची नवी, लॅबच्या सॉफ्टवेअरशी न जुळणारी आवृत्ती ओढून घेतली. लॅबचा एकही रिपोर्ट निघेना. सुया टोचून घेतलेली माणसं दुपारपर्यंत बाकांवर बसून होती.

"दादा, तुम्ही परत टाकलंत ते?"

"मी? मी कशाला हात लावू? तुझा प्रांत तो."

"काल काढलं होतं मी."

"मग नीट काढलं नसशील. झोप कुठे होते तुझी हल्ली." तो हसला. आजूबाजूच्या दोघांनी हसू आवरल्यासारखं केलं. "चिडू नकोस गं. दूध नासेल अशाने."

तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. बोलायला तोंड उघडलं तर ओरडणं बाहेर पडेल हे तिला ठाऊक होतं, आणि मग संध्याकाळपर्यंत ऑफिसभर तिच्या ओरडण्याचीच चर्चा होईल, कोठाराची नाही. तिने फोन उचलला.

"आई, ताप उतरला का तिचा?"

"उतरला. खेळतेय, माझा चष्मा पळवलाय," सासूबाई म्हणाल्या. "तू अर्ध्या तासापूर्वीच विचारलंस. आवाज का असा?"

"काही नाही."

"डबा खाल्लास?"

"खाते."

"म्हणजे नाही."

फोन ठेवते तोच खोलीत एकामागून एक टिंग टिंग वाजलं. दादाच्या लॅपटॉपवर, त्याच्या शेजारच्याच्या, खिडकीजवळच्या मुलीच्या. तीनची मीटिंग, हॉस्पिटलसोबत. तिचा लॅपटॉप गप्प होता. तिने कॅलेंडर उघडून पाहिलं. दुपार रिकामी होती. मागच्या आठवड्याची मीटिंगही नव्हती, त्याच्या आधीचीही. रजेनंतर विस्कळीत झालं असेल, असं ती तेव्हा धरून चालली होती.

साहेब पाण्याच्या मशीनपाशी बाटली भरत होते.

"सर, तीनच्या मीटिंगला मी नाही?"

"अगं, तुला त्रास नको म्हणून. बाळ लहान आहे, धावपळ असते तुझी. दादा बघतोय ना सध्या."

"रिपॉझिटरी पण?"

"सध्या."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगण्यासारखं काय त्यात? तुला कुणी काढलंय का? तू आहेसच की." त्यांनी बाटलीचं झाकण पिळून घट्ट केलं, मग पुन्हा एकदा घट्ट केलं, आणि निघाले.

ती जागेवर आली. तिने कालची फाइल उघडली, फक्त काहीतरी वाचत बसावं म्हणून. पुसलेल्या ओळींच्या जागी काहीच नव्हतं. कोरी जागा. ती त्या जागेकडे बघत राहिली आणि मग तिने स्वतःच्याच कपाळावर थाप मारली.

टूल लिहिलेलं तेवढंच करतं. ओळ पुसली की ते त्या गोष्टीचा विषयच काढत नाही. पण सर्व्हरवर आधी बसवलेलं असतं ते बसूनच राहतं. घालवायचं असेल तर ते नसावं, असं स्पष्ट लिहावं लागतं. नव्या पोरांना हे तीच शिकवायची, पहिल्याच आठवड्यात. आणि स्वतः काल, रडणाऱ्या लेकीचा व्हिडिओ कॉल चालू असताना, नुसत्या ओळी पुसून मोकळी झाली होती.

तिने कोठाराचं नाव पुन्हा लिहिलं. त्याखाली लिहिलं, की हे नसावं. आधी चाचणीच्या सर्व्हरवर चालवलं, मग बाकीच्यांवर. बाहेरचं कोठार एकेका सर्व्हरवरून गेलं. या वेळी तिने कळ हळूच दाबली होती.

"दादा, परत तुम्ही टाकलं नव्हतं."

"बघ. मी काय म्हणत होतो?"

"पहिल्यांदा मात्र तुम्हीच टाकलंत."

तो काही बोलायच्या आत तिने लॅपटॉप मिटून काखेत घेतला.

मीटिंगच्या खोलीत सगळे बसले होते. पडद्यावर हॉस्पिटलच्या बाई आधीच आवाज चढवून बोलत होत्या. ती आत आली, भिंतीकडची खुर्ची ओढून टेबलाशी आणली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. साहेबांनी माइक बंद केला.

"अगं, तू... म्हणजे तुला कशाला..."

"मी इथे नको आहे का सर?"

"तसं कोण म्हणतंय?"

"तेच विचारतेय. नको असेन तर तसं म्हणा. मी जाते."

ती उभीच राहिली. दादा चार्जरची वायर सोडवू लागला, जी गुंतलेली नव्हती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, बाटली उचलून एक घोट घेतला. तिने तो घोट घशाखाली उतरेपर्यंत वाट पाहिली.

मग ती बसली. माइक तिने स्वतःच चालू केला.

"रिपॉझिटरी तुमच्याकडे नेमकी कोण बघतं?" बाई विचारत होत्या. "मला एक माणूस सांगा."

"मी," ती म्हणाली. "सकाळी जे झालं त्यात माझी एक चूक आहे. ती आधी सांगते."

दादा वायर सोडवायचा थांबला.

"आणि मग," ती म्हणाली, "ते कोठार तिथं आलं कसं, ते सांगते."