दोरी कापायची कुणी?

कामशातने अठरा हंगाम फुटबॉलमध्ये मधली फळी सांभाळली, आणि एवढ्या वर्षांत तिचे गोल किती? नऊ! एवढ्यावर कोण ओळखणार हो बाईला? पेपरात फोटो येतो गोल करणारीचा. तिच्या पायात चेंडू नेमका आणून देणारी त्या फोटोच्या कडेला असते, तीही अर्धी कापलेली. शिमकेंत शहराच्या बाजारातली भाजीवालीसुद्धा कामशातलाच विचारायची, "तुमच्या क्लबातली ती गोल करणारी झानेल कशी आहे गं?" "मजेत आहे," असं म्हणून कामशात टोमॅटो निवडत राहायची.

डाव्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. पहिलीनंतर नवरा गेला. म्हणजे मेला नाही, सोडून गेला. मूलबाळ नव्हतंच. ती माहेरी आली आणि चार महिन्यांनी पुन्हा मैदानात उतरली. यंदा मात्र प्रशिक्षकांनी सांगून टाकलं, हा शेवटचा हंगाम, पुढच्या वर्षीपासून लहान मुलींना शिकव. ती "बरं" म्हणाली. नंतर चार दिवस तिला घास गेला नाही, पण ते तिने कुणाला कळू दिलं नाही.

त्याच आठवड्यात भावाची मुलगी, वर्षाची तोमिरिस, भिंत सोडून चालायला लागली. आता रीतीप्रमाणे दोरी कापायची. बाळाच्या दोन्ही घोट्यांना मिळून काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधायची आणि ज्याच्यासारखं मूल निघावं असं वाटतं, त्याच्या हातात सुरी द्यायची. कामशातने गृहीतच धरलं, घरात खेळाडू दुसरं आहे कोण? तिने आदल्या दिवशी स्वतः सुरीला धार लावून ठेवली.

रविवारी सकाळी भावजय बोटागोझ सणासुदीचे बौरसाक, म्हणजे कणकेचे गोळे, तळता तळता चाचरत म्हणाली, "ताई, जाऊन झानेलला घेऊन याल का? म्हणजे... आई म्हणाल्या, दोरी तिनेच कापावी."

कामशातने वळून विचारलं, "आई म्हणाली?"

"हो. कामशात सोडून कुणीही चालेल, म्हणाल्या. मला रागावू नका हं."

झालं! टाकलेली बाई, वर पोटी पोर नाही, तिचा हात शुभकार्यात कसा चालेल? कामशातने मनातल्या मनात सगळा हिशेब लावून टाकला. आईला जाऊन विचारावं, एवढं काही तिला सुचलं नाही. ती मुकाट्याने गेली आणि झानेलला घेऊन आली. दुसऱ्यांच्या पायात चेंडू आणून देण्याखेरीज अठरा वर्षं दुसरं काय केलं होतं तिने?

दुपारी अंगणात पांढरं कापड अंथरलं. शेजारपाजारच्या बायका दुधाचा चहा घेऊन कडेने बसल्या. पाय बांधलेली तोमिरिस भोकाड पसरून रडत होती. आईने झानेलच्या हातात सुरी दिली. एकवीस वर्षांची ती पोर गोंधळून म्हणाली, "मी? अहो काकू, कामशातताई असताना मी कशी?"

"तूच," आई म्हणाली.

मग मात्र कामशातला राहवलं नाही. "नवऱ्याने टाकलेली म्हणून ना? सांग ना आई, सगळ्यांसमोर सांग!"



"कोण मेलं असं म्हणतं?" आई उसळलीच. "तो गेला तेव्हा मी बौरसाक तळून आळीभर वाटले होते, विचार ह्यांना!"

"मग माझ्या हाताला काय झालंय?"

"हाताला नाही, पायाला." आईचा आवाज एकदम खाली आला. "तुझा तो गुडघा किती रात्री मेंढीच्या चरबीने चोळलाय मी! तू दात आवळून पडायचीस आणि म्हणायचीस, दुखत नाही. मला काय डोळे नव्हते? झानेलचे पाय धड आहेत. माझी नात तशी पडलेली मला बघवायची नाही गं."

कामशातचा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी काय आलं ते तिला सांगता आलं नसतं.

"दुखतो," ती म्हणाली. "आत्तासुद्धा दुखतोय. पण पुन्हा पहिल्यापासून खेळ म्हणालीस ना, तर आत्ता बूट चढवीन. हेच पाय घेऊन. मला कापायचीय ती दोरी, आई."

झानेलने गुपचूप सुरी आईकडे परत दिली. आईने ती घेतली. लेकीकडे बघितलं, रडणाऱ्या नातीकडे बघितलं, आणि सुरीची मूठ कामशातपुढे धरली.

"काप. पण हिचा गुडघा सुजला, की चरबी घेऊन तू बसायचंस. तेव्हा मी नसेन."

"बसेन," कामशात म्हणाली, आणि गुडघा दाबत खाली बसून तिने दोरी कापली.