डोंगरकेवड्याची बोली

डोंगरकेवडा हे आमच्या उंच उतारांवरचं झाड, त्याच्या फळांतले दाणे आम्ही खातो. त्याच्या रानात शिरलं की आम्ही रोजची भाषा बोलत नाही. तिथली बोली वेगळी. आगीला वेगळा शब्द, डुकराला वेगळा, बायकोलासुद्धा. रोजचं बोललं तर केवड्याचे दाणे पाणचट होतात. रानातली बोली गावात बोलली तरी तेच. म्हणून ती रानातच शिकायची.

माझी थोरली बहीण कोलिमे ही बोली सगळ्यांत चांगली बोलायची. मला निम्मीच येते. कोलिमेची मुलगी डोर्कस शहरात वाढली, तिला काहीच येत नव्हतं. एकदा ती आईची बोली फोनमध्ये भरून घ्यायला आली.

"आई, इथेच चुलीपाशी बोल की. कोण ऐकतंय?"

"केवडा ऐकतो," कोलिमे रताळ्यावरची राख झटकत म्हणाली. "वर ने, मग बोलते."

"गुडघे चालतात का तुझे?"

"तुला पाठीवर घेऊन याच गुडघ्यांनी चढायचे. आता तू ने."

आम्ही बांबूची डोली केली. वाटभर कोलिमेची बडबड चालू होती. "अरे, डुक्कर नेताय का मारून? सरळ धरा."

खालच्या झाडांना त्या वर्षी फळ नव्हतंच. वरच्या उतारावर असेल, अशी आशा होती. तिथेही नव्हतं; पाणचट व्हायला दाणेच नाहीत, म्हणून आम्ही रोजचंच बोलत होतो. तरी डोर्कसने फोन पुढे धरला.

"आलो ना रानात? बोल आता."

कोलिमेला आम्ही एका दगडावर बसवलं होतं, तिने वर झाडांकडे पाहिलं. "ही बोली फळ मागायची. झाडं यंदा दमलीत. दमलेल्याकडे मागायचं का?"

"दोन शब्द तरी, आई."

"आक्का, बोल गं," मी म्हणालो. "पोर लांबून आलीय."

"तू गप रे. पुढल्या हंगामात बोलीन."

पावसाळ्यात तिला खोकला लागला आणि त्यातच ती गेली.

पुढल्या हंगामात झाडं फळांनी वाकली. डोर्कस आली. आता दाणे होते, म्हणून रानात शिरल्यावर रोजचं न बोलता मी खुणा करत तिला आगीचा शब्द सांगितला, कोयत्याचा सांगितला, चढण्याचा सांगितला. ती मागोमाग म्हणत होती. मग तिने धुक्याकडे बोट दाखवलं. मी नकाराची मान हलवली. तिने शेवाळाकडे दाखवलं, झाडाच्या आधारमुळांकडे दाखवलं, शेवटी आई बसली होती त्या दगडाकडे. मला एकही शब्द येत नव्हता, आणि येत नाही हे त्या बोलीत सांगायचं कसं, तेही ठाऊक नव्हतं.

मग तिने बोट दाखवणं सोडलं. आम्ही फळं फोडत बसलो.