गुरुबसप्पाची फियाट फाटकाबाहेर कशी गेली

हे कुणाला पटायचं नाही, आधीच सांगतो. मी स्वतः तिथं नसतो तर मलाही पटलं नसतं. म्हातारा थापा मारतोय म्हणून धोतर झटकून उठलो असतो. पण होटगी रस्त्यावर निंगव्वाच्या टपरीवर मी हे सांगितलं तेव्हा एकही माणूस उठला नाही. भजी अजून कढईत होती म्हणून बसले, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

शिवाय साक्षीदार माझ्या मांडीला मांडी लावून बसलेला. गुरुबसप्पा. बियाण्यांचं दुकान पोराच्या हवाली करून मोकळा झालेला माझा जुना दोस्त. मी ज्ञानू धनगर, जन्म मेंढरांमागं गेला. तो कपाळभर विभूती लावून गादीवर बसलेला. पण खोड दोघांना एकच. लोखंड दिसलं की उघडून बघायचं.

"सांगू का रे?" मी त्याला विचारलं.

त्यानं चहा बशीत ओतला. "सांग की."

तर गुरुबसप्पाची फियाट. त्याच्या वडिलांनी घेतलेली, पिस्ता रंगाची, गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या बगलेत. वाटणीच्या वेळी धाकट्या भावाला सगळं बागायत रान देऊन यानं ही गाडी मागून घेतली होती. भाऊ तेव्हा पोट धरून हसला. तो आजतागायत दिवाळीला आला की विचारतो, "काय अण्णा, औंदा तुझ्या रानात काय पिकलं?" आणि गाडी मात्र अंगणात कडुलिंबाखाली उभी. इंजिनाला उभी भेग गेलेली.

गुरुबसप्पानं काय करावं? गंज घासला, पत्रे ठोकले, रंग दिला, सीटांवर चादरीचं कापड शिवून बसवलं. गाडी अशी झाली की दृष्ट काढावी. फक्त काळीज नव्हतं.

पोराला, सोमेशला, त्याच जागेवर खताचं गोडाऊन पाहिजे. तो म्हणाला, "अप्पा, रंग देऊन मढं उठून बसत न्हाई. शुक्रवारी भंगारचा टेंपो येणार हाय. त्याच्यादेखत गाडी सोताच्या पायानं फाटकाबाहेर गेली, तर गोडाऊन मी मोहोळला बांधतो. न्हाई गेली तर ती टेंपोत जाणार. मग कुणी तोंड पाडून बसायचं न्हाई."

गुरुबसप्पा 'बरं' म्हणाला. पण ते बरं मी ऐकलं. मेंढराच्या नरड्याला लांडगा लागल्यावर येतो तसला आवाज होता. गाडी भंगारात गेली की धाकटा भाऊ जन्माचा खरा ठरणार होता.

"मग इंजिन आणलं कुठनं?" शिवूनं विचारलं. हा रिक्षावाला. याला गोष्टीत दम धरवत नाही.

"तुझ्या रिक्षाचंच काढणार होतो, पण ते शिंकलं तरी बंद पडतंय."

इंजिन आणलं श्रीपूरकडनं. तिथं एक गुऱ्हाळ बंद पडलेलं. शेजारी साखर कारखाना असल्यावर गुऱ्हाळ किती दिवस चालणार? त्याचं डिझेल इंजिन शेडमध्ये पडून होतं. पारखायला मी गेलो. मेंढा कसा पारखतात? दात बघायचे, पाठीवर थाप मारायची, छातीला कान लावून श्वास ऐकायचा. तसंच केलं. हँडल मारलं, कान लावला. दमा नाही, खोकला नाही, काळीज घट्ट. घेतलं. आता मला सांगा, मेंढा कुणीकडं तोंड करून पळतो हे कुणी विचारतं का? मेंढा पुढंच पळतो. मीही नाही विचारलं.

लेथवाल्याकडून एक जाड प्लेट कातून घेतली. गाडीचा गिअरबॉक्स शहरातला, इंजिन रानातलं. दोघांची सोयरीक त्या प्लेटवर जुळवायची होती. जुळवता जुळवता शुक्रवार उजाडला.

टेंपो आला तेव्हा इंजिन हवेत होतं.

कडुलिंबाच्या फांदीला चेनपुली, पुलीला इंजिन, इंजिनाखाली गाडी आणि गाडीखाली पोत्यावर उताणा गुरुबसप्पा. खालनं बोल्टाची भोकं जुळवत होता. फाटकात टेंपोवाला हॉर्न मारतोय. सोमेश मोबाईल बघत म्हणतो, "अप्पा, टेंपोवाल्याचा चहा होईपर्यंत थांबतो. त्याच्यापुढं न्हाई."

हे ऐकून गुरुबसप्पाची बायको सुंदरम्मा स्वयंपाकघरात गेली. चहाचं आधण ठेवलं आणि गॅस इतका बारीक केला, इतका बारीक केला, की ज्योत बघायला चष्मा लागला असता. सोमेशनं हाक मारली, "आई, झाला का?"

"उकळू दे की रे. कच्चा चहा पाजून पाठवू काय पाव्हण्याला?"

"दूध घातलंस का?"

"तापतंय."

मी इकडं चेन एकेक कडी सोडतोय. इंजिन वीतभर खाली. अजून वीतभर. आणि फांदी बोलली. कर्र.

"ज्ञानू," गाडीखालनं गुरुबसप्पा म्हणाला, "कशाचा आवाज झाला?"

"वारा."

"वारं कुठाय?"

"हाय थोडं. तू बोल्ट बघ."

पुन्हा कर्र झालं आणि पुलीचा हूक फांदीवरनं हातभर सरकला. इंजिन झोका खाऊन तिरकं झालं. आता ते सुटलं असतं तर सरळ त्याच्या छातीवर. मी चेनला लोंबकळलो. माझं वजन किती? ओल्या घोंगडीएवढं. माझ्या टाचा मातीत रेघा ओढत गाडीकडं निघाल्या.

"गुरू, बाहेर ये!"

"हात अडकलाय," तो म्हणाला. अगदी हळू म्हणाला. "बनियनची बाही गुंतलीय बोल्टात. तू सोडू नकोस फक्त."

माझा मेंढा पैलवान तिथंच चरत होता. मी शीळ घातली. आला. चेनचं टोक त्याच्या शिंगांत गुंतवलं आणि कानात म्हणालो, मागं सर. धनगराचा मेंढा आहे तो. टकरीला उभा राहतो तसे त्यानं चारी खूर रोवले आणि मान खाली घालून मागं रेटलं. इंजिन थांबलं. थांबलं कसलं, बोटभर वर गेलं.

"मेंढ्यानं इंजिन उचललं?" शिवू.

"उचललं न्हाई, धरलं. मी थाप मारत न्हाई. विचार ह्याला."

गुरुबसप्पानं बशी तोंडाला लावली. "व्हय," म्हणाला.

"बनियन?" निंगव्वानं झारा वर धरून विचारलं.

"फाटलं," गुरुबसप्पा म्हणाला.

बनियन फाडून त्यानं हात सोडवला, पण बाहेर आला नाही. बोल्ट बसवूनच आला. नळ्या जोडल्या, डिझेल भरलं, प्लेट आवळली. स्वयंपाकघरात चहा एकदा गाळला गेला आणि सुंदरम्मानं तो 'फार कडू झाला' म्हणून मोरीत ओतून पुन्हा आधण ठेवलं. सोमेशचा चेहरा त्या चहासारखाच झालेला. ब्रेकमध्ये तेल घालायचं राहिलं होतं. मी म्हणालो, घालू. गुरुबसप्पा म्हणाला, फाटक दहा पावलांवर आहे, ब्रेक कशाला लागतोय?

आता जागा नीट ध्यानात घ्या. गाडीचं तोंड फाटकाकडं. पाठीमागं जुनी विहीर, गुडघाभर उंचीचा दगडी कठडा. आणि अंगणाला उतार आहे, विहिरीकडं. चाकांमागं आम्ही विटा लावलेल्या.

हँडल मारलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन असं खोकललं की कडुलिंबावरचे कावळे होटगी स्टेशनात जाऊन बसले. धडाधडा धडाधडा. अंगणभर काळा धूर. टेंपोवाला खाली उतरला. सोमेशनं पहिल्यांदा मोबाईल खिशात घातला. गुरुबसप्पा आत बसला, त्यानं वडिलांच्या नावानं हात जोडले, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

गाडी मागं गेली.

विटांचा भुगा करून मागं गेली. गुरुबसप्पाला वाटलं, उतार आहे, जोर कमी पडतोय. त्यानं ॲक्सिलरेटर आणखी दाबला. गाडी आणखी मागं. धाड! मागचा बंपर कठड्यावर बसला. कठड्याचा एक दगड सुटला आणि कितीतरी वेळानं खालनं आवाज आला, डुब्ब.

"अय्यो, निल्लिसी! थांबवा की!" सुंदरम्मा पातेलं घेऊनच बाहेर धावली.

थांबवा कसं? ब्रेक नाही. चावी काढली तर पेट्रोलची गाडी थांबते; ते डिझेल इंजिन, बॉनेट उघडून दांडी ओढल्याशिवाय बंद व्हायचं नाही, आणि बॉनेटावर मी आडवा पडलो होतो, गाडीला पुढं ओढत. दुसरा दगड सुटला. डुब्ब. मागचं चाक अर्धं हवेत.

"अप्पा, उडी मारा!" सोमेश ओरडला. त्याचा आवाज पार लहान पोरासारखा झाला होता. "गाडी जाऊ दे, उडी मारा!"

"न्हाई!" गुरुबसप्पा म्हणाला आणि त्यानं पुन्हा पहिला गिअर टाकला. तिसरा दगड.

मी बॉनेटावर पडलेला. नाकासमोर जाळी, जाळीच्या आत पंखा फिरतोय. फियाटचा पंखा मी जन्मभर बघितलेला. तो असा फिरतो. हा तसा फिरत होता. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. गुऱ्हाळाचं इंजिन! चरकासाठी उलटं फिरवायला लावलेलं! उलट्या इंजिनाचा पहिला गिअर मागंच नेणार.

"गुरू, रिव्हर्स टाक!"

काचेतनं त्यानं माझ्याकडं बघितलं. "मागं विहीर हाय, ज्ञानू."

"ठावं हाय मला. रिव्हर्स टाक!"

"अरे, विहीर हाय म्हणतो ना!"

"आबा, तुमाला येड लागलंय का?" सोमेश माझे पाय धरून मला बॉनेटावरनं ओढायला लागला.

"गुरू, मेंढ्याची आण हाय तुला! रिव्हर्स!"

चौथा दगड हलत होता. मला दिसत होतं, तो हलत होता. गुरुबसप्पानं माझ्याकडं बघितलं, आरशातनं मागच्या काळ्या भोकाकडं बघितलं, डोळे मिटले आणि दांडा ओढला.

इथं टपरीवर शिवू बाकड्याच्या कडेला सरकला. निंगव्वाची भजी करपत होती, तिला शुद्ध नव्हती.

"मग?" त्यानं विचारलं.

मग काय! गाडीनं अशी उडी घेतली की मी बॉनेटावरनं टपावर गेलो. फाटकाचं एक दार उखडलं, ते टपावर माझ्याशेजारी येऊन पडलं. बाहेर! सोताच्या पायानं बाहेर! आणि थांबतंय कोण? ब्रेक कुठाय? रस्त्यानं आम्ही निघालो. रिव्हर्स गिअर रडतोय, वेग येईना. मग आम्ही गाडी उलटी फिरवली. का? उलट्या इंजिनाला मागं जायला चार गिअर! चौथा टाकला, आणि तोंड सोलापूरकडं, पाठ मोहोळकडं, असं आम्ही मोहोळच्या दिशेनं सुटलो. एसटीला मागं टाकलं. कंडक्टरला वाटलं आपलीच एसटी मागं चाललीय, त्यानं घंटी मारली. मोहोळच्या चौकात पोलिसानं आमची गाडी येताना बघितली, पण जातेय समजून त्यानं टाटा केला.

"विचारा ह्याला," मी म्हणालो.

"व्हय," गुरुबसप्पा म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "चौथ्यात लई पळायची."

"आणि सोमेश?" निंगव्वानं विचारलं.

"सोमेशनं गोडाऊन मोहोळला बांधलं. ह्याचा भाऊ दिवाळीला आला तो गाडीकडं न बघता मागच्या दारानं गेला. आणि तो टेंपोवाला! मर्दासारखा मर्द, ही मिशी, पण फाटकात मातीत बसून ढसाढसा रडला. म्हणाला, असल्या लक्ष्मीला तोडायला आलो होतो, माझे हात झडोत. रिकामा टेंपो घेऊन गेला बिचारा. आजही त्या रस्त्यानं जाताना..."

"मी कधी रडलो हो, आबा?"

मागच्या बाकड्यावर एक गडी भजी खात बसला होता. केव्हा येऊन बसला, कुणी बघितलं नव्हतं. मिशी तेवढी खरी होती. त्यानं हात पुसले आणि माझ्याकडं नाही, गुरुबसप्पाकडं बघितलं.

"आणि रिकामा कसा जाईन? ती फियाट मीच नेली की. इंजिन कुठं होतं तिच्यात? बॉनेट उघडलं तर आत मांजर व्यालेली. ह्या अण्णांनी एकेक पिल्लू उचलून पाटीत ठेवलं, चादर पांघरली, तवर मला गाडीला हात लावू दिला न्हाई."